मेणातलं मीठ

आय, तुला वाचता येत नव्हतं आणि मला तोंडानं सांगायला जमलं नाय, म्हणून हे लिहितोय. पनवेलच्या बाजारात तू सांगत फिरायचीस, "माजा पोर्‍या कायतरी बारीक हाय ता हलू करतो." लोक हसायचे. पण तसंच होतं ते. न्यूट्रॉन नावाचे न दिसणारे कण भन्नाट पळतात, मेणाच्या ढेपेत आपटून आपटून दमतात, आणि असे दमलेलेच आम्हाला मोजायला हवे असत. कॉलेजात मेण वितळवायला धड जागा नव्हती, म्हणून पातेलं आपल्या चुलीवर चढवलं. सरांनी बजावलं होतं, मेण शुद्ध हवं; आकडे जमले तर संशोधनाची जागा माझी, नाहीतर दुसऱ्याची.

आकडे जमेनात. ढेपेची एक बाजू पुढे धरली की कमी, उलटी केली की जास्त. सर म्हणाले, "तुमच्या कामाला शिस्त नाही," आणि जागा गेली. घरी येऊन मी रागानं ढेप कोयत्यानं फोडली. तळाशी खडेमीठ, आपल्याच मिठागराचं! दमलेल्या कणांना मीठ गिळतं गं. काय हे कर्म!

तू भाकऱ्या थापत बसलीयस. मी विचारतो, तर तू फुशारकीनं सांगतेस, "नजर उतरली तुज्या कामाची. मीठ आगीत टाकला असता तर हितंच जलला असता. मेनात र्‍हाला म्हंजे राखनीला तुज्या संगती जाईल." मग पीठ झटकत विचारतेस, "मंग, झाला का काम?" मी म्हणतो, "झालं." तू चुलीला हात जोडतेस. त्याच हिवाळ्यात तू गेलीस.

मी आता मिठागरावरच कारकून हाय. खाडीपलीकडे मोठी अणुभट्टी उभी राहिलीय, तिथं हे मंद कण म्हणे वाटेल तेवढे मिळतात. दोनदा अर्ज केला, वय गेलं म्हणाले. आता काय होणार नाय, मला ठाऊक हाय. तुझ्यावर चिडायचं म्हटलं तर तेही होत नाय.

हा कागद कुठं टाकणार? घडी करून माळ्यावर ठेवीन, त्या ढेपेच्या तुकड्यांजवळ. हो, अजून हायेत. मेण कधीच विकलं असतं गं, पण त्यात तुझी मूठ हाय.