घाण्यावरची पाहुणी

१२ फेब्रुवारी १९८४

प्रिन्सिपॉलांनी नवीनच खूळ काढलंय. सगळ्या स्टाफने बायकांसह वेळणेश्वरला सहल काढायची आणि वाटेत शंभर वर्षांचा जुना लाकडी तेलघाणा बघायचा. तो घाणा आप्पांचा — माझ्या वडिलांचा. आणि यांनी कॉलेजात केव्हाच सांगून ठेवलंय, सासरे वारले म्हणून. तेल्याची मुलगी केली हे सांगायला प्राध्यापकाची जीभ रेटत नाही!

मी येणारच म्हटलं. लग्नानंतर आप्पांना पाहिलेलं नाही. हे म्हणाले, "ये, पण तिथे ओळख दाखवू नकोस."

१६ फेब्रुवारी

कोणती साडी नेसू? बापाला भेटायला जाताना कुणी असला विचार करतं का.

१९ फेब्रुवारी

जाऊन आले. जायलाच नको होतं.

आप्पा बैलामागे घाण्याच्या लाटेवर, त्या फिरत्या आडव्या लाकडावर, बसले होते. वाळलेत फार. मला पाहिलं आणि नजर काढून घेतली. मालनवहिनी दारात आली, तोंड उघडणार तोच आप्पा म्हणाले, "मालन, पावन्यांना पानी आन." ती बिचारी आत पळाली.

प्रिन्सिपॉलांनी विचारलं, मुलंबाळं काय?

"एक मुलगा. एक पोर व्हती, ती वारली."

हे माझ्या शेजारी उभे राहून "अरेरे" म्हणाले. अरेरे!

मग ताजं तेल द्यायला आले. आमच्याकडे परक्याला तेल तळहातावर देतात आणि माहेरवाशिणीच्या टाळूवर घालतात. आप्पा समोर आले नि माझी मान आपोआप खाली गेली. सगळ्यांदेखत. त्यांचा हात थांबला. "बाईसाहेब, हात फुडं करा."

हात पुढे केला. दुसरं काय करणार? गाडीत सगळ्या बायका तेलाच्या वासाचं कौतुक करत होत्या. मला आप्पांचा राग आला. यांनी बापाला मारलं, बापाने मला.

२० फेब्रुवारी

हात तीनदा साबणाने धुतला, तेलाचा वास जात नाही.

२१ फेब्रुवारी

जेवताना हे खुशीत होते. म्हणाले, "तुझे आप्पा शब्दाला जागले हो. मी आधीच जाऊन सांगून आलो होतो, काय बोलायचं ते." आप्पांनी फक्त एवढंच विचारलं म्हणे — तिला ठावं हाय का?

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, तिनंच पाठवलंय मला."