डोळसांना हजार धंदे

३ मार्च
झाली पुन्हा कोर्टबाजी सुरू! मालिशचा परवाना फक्त आंधळ्यांनाच का, म्हणून सहा डोळस माणसं घटनेच्या कोर्टात गेली आहेत. म्हणे हवा तो धंदा करायचं स्वातंत्र्य घटनेनं दिलंय, शिवाय समताही दिलीय. वा! अख्ख्या तेगू शहरात, अख्ख्या कोरियात यांना आमचाच घास दिसला. आम्हा आंधळ्या मालिशवाल्यांच्या संघटनेचे प्योसाहेब म्हणाले, ‘‘बाई, जबाब तुम्हीच द्या. आपल्यात तुमचंच तोंड सगळ्यात तिखट.’’ तेही खरंच.

७ मार्च
बेकरीवाल्याची मान मोकळी केली. खूश होऊन गरम पाव ठेवून गेला. तामहीनं बार्लीचा चहा केला. लेक माझी डोळस, बत्तीस वर्षांची. बोटं माझ्याहून सरस — लहानपणी माझ्याच पाठीवर शिकली. पण दुकानात तिनं फोन घ्यायचा आणि टॉवेलच्या घड्या घालायच्या. गिऱ्हाइकाला हात लावला तर गुन्हा. कधी कुरकुर नाही. लेक द्यावी तर देवानं अशी.

८ मार्च
मी जबाब सांगितला, तामहीनं टाइप केला. म्हटलं, डोळसांना हजार धंदे, आम्हाला एक. सगळ्यांना एकाच रेघेवर उभं करायचं आणि माझ्या वाटेतले खड्डे तसेच ठेवायचे, ही कसली समता?
तामही मध्येच थांबली. ‘‘आणि ज्याला हेच काम येतं, हेच आवडतं, त्यानं काय करायचं?’’
‘‘दुसरं शिकायचं. डोळे आहेत ना!’’
तेही तिनं लिहून घेतलं. सगळं वाचून दाखवलं, मग माझा हात धरून कागदावर सहीऐवजी माझ्या नावाचा शिक्का उमटवला.

९ मार्च
ही रोजनिशी ब्रेलमध्ये टोचून टोचून मनगट भरून आलंय. बाकी मजेत.

२० जून
सोलला सुनावणी. एका न्यायमूर्तींनी आमच्या वकीलबाईंना विचारलं, ‘‘एकाचं स्वातंत्र्य काढून घेतल्याशिवाय दुसऱ्याला समता देता येत नाही का?’’ वकीलबाई म्हणाल्या, ‘‘येईल की. इतर धंदे आंधळ्यांना दारात उभं करतील, त्या दिवशी.’’ प्रश्नही खोटा नव्हता, हे इथं कबूल करते. तामहीचा हात सारा वेळ माझ्या हातात होता. गार पडलेला.

२७ नोव्हेंबर
जिंकलो! परवाना आमचाच. संघटनेत डुकराचं मटण, तांदळाची दारू. प्योसाहेब गायले, बेसूर. किती वर्षांनी इतकं हलकं वाटलं. तामहीनंच मला सांभाळून घरी आणलं.

३० नोव्हेंबर
सकाळी भात वाढताना तामही म्हणाली, ‘‘आई, कोर्टात गेलेल्या त्या सहा जणांत तिसरं नाव माझं होतं.’’
घास तोंडातच राहिला. ‘‘मग माझा जबाब कशाला लिहिलास? चार ओळी गाळल्या असत्यास, मला कुठं दिसणार होतं?’’
‘‘तू खरं बोलत होतीस म्हणून. मीही खोटी नव्हते.’’
मी जिंकले, आणि माझीच लेक हरली. ती मागे येऊन माझे खांदे दाबू लागली. घरात दाबायला कायद्याची आडकाठी नाही. मी तिला थांब म्हटलं नाही.