नऊ मिनिटांत तुझा चेहरा नाही

प्रिय आये,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. बाबा सकाळपासून केळीची पानं आणि सामान जमवण्यात गुंतलेत. मी मात्र आज तुझ्या काजूच्या कारखान्यात जाऊन आले. तिथे जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय उद्या तुझ्या फोटोसमोर उभं राहायची माझी हिंमत नाही.

फोटो तरी कसला! आधारकार्डावरचा. कुडाळच्या स्टुडिओत मोठा करून घेतला, तर तुझे डोळेच पुसट झाले. सिनेमा शिकणाऱ्या मुलीच्या घरात आईचा एक धड फोटो नसावा?

मी पुण्याला विद्यापीठात चित्रपट आणि माध्यमांच्या अभ्यासाला जाते म्हटलं, तेव्हा तू विचारलंस, "म्हणजे नेमका काय शिकतलंस गो? नाटकात काम करतलंस की टीव्हीर बातमी सांगतलंस?" लोकांच्या गोष्टी सांगायला शिकणार, असं मी म्हटलं. "मगे ता बरा," म्हणालीस. आणि कसालच्या बाजारात भेटेल त्याला ऐकवत सुटलीस, "माझा चेडू सिनेमा शिकता!" मी तुझा पदर ओढून तुला गप्प करायचे. का करायचे गं?

दुसऱ्या वर्षी माहितीपट करायचा होता. बावीस वर्षं तू काजूच्या बिया फोडत होतीस. मला विषय शोधायला लांब जावंच लागलं नाही. विभागाचा कॅमेरा घेऊन मी आले, तर तू लग्नातली मोतिया साडी नेसून तयार! तोंडाला पावडर, केसांत सुरंगीच्या फुलांचा वळेसर. कारखान्याच्या मालकाकडून तासभराची सुट्टीही तूच मागून घेतली होतीस.

तू माझ्याकडे बघून बोलत होतीस आणि मी कॅमेरा तुझ्या हातांवर लावला होता. काजूच्या तेलाने काळी पडलेली बोटं, सोललेली कातडी. आमच्या सरांनी सांगितलं होतं, हातच बोलतील, चेहऱ्याची गरज नाही. शेवटी दहा-पंधरा मिनिटं तुझा चेहराही घेतला, पण तो तुझं मन राखायला. पुण्याला गेल्यावर कॅमेऱ्याच्या कार्डावर जागा हवी होती, म्हणून ते सगळं पुसून टाकलं. मी स्वतः, आये. दुसऱ्या कुणी नाही.

विभागात चित्रपट दाखवला, त्या दिवशी तू आलीस. कुडाळहून एसटीत बसून, उलट्या सहन करत. नऊ मिनिटांचा चित्रपट. संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि तू पडद्याकडेच बघत होतीस, अजून काही यायचं बाकी असल्यासारखी.

बाहेर जिन्यावर तू हळूच विचारलंस, "गो, माझा तोंड खंय?"

मी म्हटलं, "आये, ती शैली असते. हातांतून सगळ्याच बायकांची गोष्ट सांगायची असते."

"सगळ्यांची सांगलंस. ता बरा केलंस." मग थोडं थांबून, "पण तुका माझा तोंड दाखवूक लाज वाटली काय?"

मी चिडले! तुला यातलं काही कळत नाही, असं म्हणाले. श्रेयनामावलीत तर तुझं नावही नव्हतं. 'एक काजू कामगार' एवढंच. तू नंतर तो विषय पुन्हा काढला नाहीस. एकदा भांडली असतीस तर? पुढच्या वर्षी तीन दिवसांच्या तापात तू गेलीस, आणि भांडायचं राहूनच गेलं.

आज कारखान्यात उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायला गेले होते. तुझ्या शेजारी बसून बिया फोडणारी शालन मावशी म्हणाली, "तो सिनेमा आमका दाखव गो. तुझी आवस सांगी, पडद्यार मी बरी दिसलंय म्हणान. वळेसरसुद्धा दिसता म्हणी."

आये, असं सांगितलंस तू त्यांना? खोटं बोललीस? माझ्यासाठी?

नाही म्हणायला तोंड नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप बाकड्यावर ठेवला. बारा-तेरा बायका डबे बाजूला सारून दाटीवाटीने बसल्या. तीन मिनिटं झाली, पाच झाली. मागून कुणीतरी विचारलं, "तोंड कधी येतला?"

मी चित्रपट थांबवला. "नाय येवचा. मी ठेवकच नाय. आयेन तुमका खोटा सांगलान, माका कोणी वायट म्हणू नये म्हणान."

मला वाटलं, आता सगळ्या उठून जातील. शालन मावशी उठलीच. नळावर गेली, तोंड धुतलं, पदराने पुसलं, केस नीट बांधले आणि माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसली.

"आता माझा काढ," ती म्हणाली. "पयला तोंड काढ. हात मगे."

कॅमेरा नव्हता. मी मोबाइल काढला. दुसऱ्या एका बाईने माझं मनगट धरून तो मावशीच्या चेहऱ्यासमोर आणला. मी मावशीला नाव विचारलं. "तुका म्हायत नाय?" ती खेकसली.

"म्हायत आसा. पण तू सांग."

तिने पूर्ण नाव सांगितलं. मग गावाचं, नवऱ्याचं, मुलींचं. मग तुझ्याबद्दल बोलायला लागली, आणि मी मान खाली घातली नाही.

आये, तुझा चेहरा मी परत आणू शकत नाही. पण त्या सगळ्या जणींचे चेहरे मी घेईन. ज्या साडीत त्यांना बसायचं असेल त्या साडीत, त्यांना बोलायचं असेल तितका वेळ. चित्रपट पुण्यात कुणालाही दाखवण्याआधी कारखान्यातच दाखवीन. आणि एखादीने "ह्या नको" म्हटलं, तर ते काढून टाकीन, सर काहीही म्हणोत. हा माझा शब्द.

तुझा चेडू,
प्राची