चौघांच्या डावातला शब्द

वारजे, पुणे
४ जानेवारी

ती. काकांना,
सविनय जयभीम. वि. वि.

गिरणीच्या खडखडाटाने आपले कान नेले आणि मोबाईलवर वाचायला आपण तयार नाही, म्हणून धम्मदीपदादाची खबर कळवण्याचे काम माझ्याकडे आले. बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानावरच्या खोलीत जी पत्त्यांची स्पर्धा चालते, तिच्या अंतिम फेरीत दादा पोहोचला आहे. आणि कशी कोण जाणे, मीही.

हे बावन्न पानांचे पत्ते नव्हेत. प्रत्येकजण पत्ते जमवून, अदलाबदल करून आपला संच बांधतो. टेबलाशी चौघे बसतात. शेवटी उरेल तो जिंकला. मात्र जो बलवान दिसतो त्याच्यावर बाकीचे तिघे तुटून पडतात. म्हणून पत्त्यांइतकेच बोलणेही लागते: तू मला सोड, मी तुला सोडते. मला नियम सगळे पाठ आहेत, बोलणे तेवढे जमत नाही. कोणाचे लक्षच जात नाही, म्हणून मी उरते. दादाच्या मते खुर्चीमागे लपणे हाच माझा डाव.

जिंकला तर तो देशपातळीवर खेळेल. हरला तर आपल्याला कबूल केल्याप्रमाणे घरी परतेल. मला त्याच्यासमोर बसायचेच नव्हते.

आपली माया आहे तशी राहो.
आपली,
आम्रपाली

हिंगणघाट
११ जानेवारी

चि. आम्रपालीस,
जयभीम आणि आशीर्वाद.

खराडीची नोकरी सोडून रंगीत पत्ते खेळणाऱ्याची खबर तू अशा शुद्ध भाषेत देतेस, की क्षणभर पोरगा कलेक्टर झाला असं वाटतं.

तुझी काकू गेल्यापासून घरात एकच ताट वाढलं जातं, तेही मीच वाढतो. तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, आज मागतो. संधी आली तर त्याला हरव. पत्र त्याच्या हाती लागू देऊ नकोस.

अभ्यास कर, जेवत जा.
तुझा काका,
सुदर्शन

वारजे, पुणे
२० जानेवारी

ती. काकांना,
सविनय जयभीम. वि. वि.

दादा हरला. ते आपल्यामुळे घडले नाही, एवढ्यासाठीच हे पत्र.

शंभू नावाचा मुलगा आधी बाद झाला. उरलो दादा, भाग्यश्री आणि मी. मला जिंकणे शक्य नव्हते, पण हातात एक पत्ता होता. तो भाग्यश्रीवर टाकला असता तर दादा जिंकत होता. पाळी सोडली तर ती. डावाच्या मध्यावर मात्र भाग्यश्रीने मला वाचवले होते आणि बदल्यात शेवटपर्यंत तिच्यावर हात न उचलण्याचा शब्द घेतला होता. असे शब्द नियमात नाहीत. शेवटच्या फेरीत सगळेच ते मोडतात, हे सर्वांना ठाऊक असते. मलाही होते. तरी हात हलला नाही. मी पाळी सोडली.

भाग्यश्रीने दादाला बाद केले आणि लगेच, हसत, मलाही. शब्द डावापुरता असतो गं, असे ती म्हणाली.

बसमध्ये मी दादाला कारण सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, की बाबांचे पत्र तुझ्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलेले होते, ते मी वाचले आहे. तो निघाला आहे. पत्त्यांची पेटी माझ्या टेबलावर ठेवून गेला.

त्याला वाटते मी आपले ऐकले. आपल्यालाही तेच वाटेल.

लोभ असावा, हे वाचल्यावरही.
आपली,
आम्रपाली

हिंगणघाट
२ फेब्रुवारी

चि. आम्रपालीस,
जयभीम आणि आशीर्वाद.

तू माझं ऐकलं नाहीस म्हणतेस. बरं, नाही ऐकलंस.

धम्मदीप आला. आता मी दोन ताटं वाढतो. तो जेवतो, भांडी घासतो, बँकेच्या परीक्षेचं पुस्तक उघडून बसतो. मला ऐकू येत नाही हे त्याला माहीत आहे, तरी आधी सुट्टीत आला की माझ्यासमोर बसून त्या पत्त्यांबद्दल बडबडायचा. मी नुसते ओठ बघायचो. आता ओठ हलत नाहीत.

ती पेटी पाठवून दे. सोबत नियम लिही, मोठ्या अक्षरात. चौघं लागतात म्हणतेस. इथे दोघंच आहोत. दोघांत होतं का, तेही कळव.

तुझा काका,
सुदर्शन