दादा मला फॉलो करतो

सोमवार, ३ मार्च
मॅडमनी काम दिलं. आमच्या साइटवर कारागीर आपल्या कामाचे फोटो टाकतात. कुणी कुणाला फॉलो केलं, की ज्याला केलं त्याला नोटिफिकेशन गेलं पाहिजे. एवढंच. बुधवारपर्यंत जमेल का, म्हणाल्या. म्हटलं, उद्या दुपारी घ्या. या नोकरीत टिकायचं नक्की केलंय. ही सहावी.

मंगळवार, ४ मार्च
घंटीचं चित्र निवडलं. पितळी रंग जमेना. खाली एक पेंटर दुकानाची पाटी रंगवत होता, त्याला विचारायला गेलो. संध्याकाळ झाली. माणसाने शिकत राहावं.

बुधवार, ५ मार्च. दुपारी ४.१०
कोड झाला. तपासत बसलो नाही, सरळ चालू केला. फार तपासणं म्हणजे स्वतःवर अविश्वास. मग सहज म्हणून दादाच्या सुतारकामाच्या खात्यावर फॉलो दाबलं. दुसरं काही कारण नाही.

४.११
माझीच घंटी वाजली. दादा मला फॉलो करू लागला. मिनिटभरात. म्हणजे फोन हातात धरून वाटच बघत होता. त्याच्या हाताखाली असताना गिऱ्हाइकाचं कपाट दारं न बसवताच टाकून मी पळालो, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून एक शब्द नाही. शेवटी रक्ताचं नातं.

गुरुवार, ६ मार्च
साइटवर सगळे खूश. जो तो कुणाचे तरी आभार मानतोय. मॅडम शाबास म्हणाल्या. शनिवारी दादाकडे जाणार. त्याला अवघड वाटायला नको, पहिलं पाऊल त्याने टाकलंच आहे.

शनिवार, ८ मार्च
दादा रंधा मारत होता. म्हटलं, आलो. कुणी बोलावलं, म्हणाला. स्वभावच तसा. मी सगळं समजल्यासारखा हसलो, तर रंधा ठेवून आत गेला. वहिनींनी पाणी दिलं. त्यांना सांगितलं, तो मला फॉलो करतो म्हणून. म्हणाल्या, भाऊजी, फोटो मी टाकते, ह्यांना फोन नुसता कानाला लावता येतो. नवऱ्याची बाजू सांभाळतात बिचाऱ्या.

सोमवार, १० मार्च. सकाळ
एक कुंभारीणबाई मॅडमकडे रडत आल्या. एका नामवंत शिल्पकाराने फॉलो केलं म्हणून त्यांनी आभाराचं लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर आलं, आपण कोण? फॉलो खरं तर बाईंनीच केलं होतं. मॅडमनी माझा कोड उघडला. पाठवणारा आणि घेणारा, दोघांची उलटापालट. जो फॉलो करतो, त्यालाच वाटतं आपल्याला कुणीतरी केलं. चारशे बारा माणसं पाच दिवस खूश होती. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
चारशे बाराच्या यादीत मी सातवा.

दुपारी १.३०
दुरुस्त केलं. खोटी नोटिफिकेशन्स पुसली. माझं सगळ्यात शेवटी. मग खरी गेली, ज्याची त्याला. दादालाही.

४.५०
वहिनींचा मेसेज. भाऊजी, तुम्ही फॉलो केल्याचं आलं, ह्यांना दाखवलं. हे विचारताहेत, बंद कुठून करायचं?
ती सोय मी अजून केलेलीच नाही. कळवलं, अवघड काम आहे, आठवडा तरी लागेल.
अर्ध्या तासाचं आहे.