पाव डॉलर आणि शशीकाकांचं पाकीट

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
शेजारच्या लीलावतीकाकूंनी विश्वासाने नाणं सोपवलं. कॅलिफोर्नियाचा सोन्याचा पाव डॉलर, १८५३, अष्टकोनी, शर्टाच्या बटणाहून लहान. सरकारी नव्हे, तिकडे सोनं सापडलं तेव्हा सुट्या पैशांची टंचाई झाली, म्हणून लोकांनी खाजगीत पाडलेला. हे मला काल यूट्यूबवर कळलं. काकूंना ‘माझा अभ्यास’ म्हणून सांगितलं.
दिवंगत शशीकाकांनी तो १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका म्हाताऱ्याकडून घेतला. ती हकीकत त्यांनी खाकी पाकिटावर स्वतःच्या हाताने लिहिलीय. काकू म्हणाल्या, परीक्षित, नाण्याचं काय ते बघ, पण पाकीट जप. मला वाटलं, वय झालं की कशाला जपायचं ते कळत नाही.
संकल्प: नाण्याचा प्रॉव्हेनन्स, म्हणजे वंशावळ, मी सिद्ध करणार.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ७
नाणं पाकिटातून काढून हवाबंद डबीत. जुना कागद नाण्याला घातक, असं नाणी जमवणाऱ्यांच्या ऑनलाइन फोरमवर वाचलं. टेबल आवरलं. सगळे कागद रिसायकलिंगच्या बिनमध्ये, बिन बाहेर. शिस्त म्हणजे शिस्त.

११.४०
टीम्सवर मीटिंग चालू असताना आठवलं. पाकीट टेबलावरच होतं.

११.४५
बिन रिकामा. कौन्सिलची, म्हणजे इथल्या लंडनच्या पालिकेची, कचरागाडी नको तेव्हा वेळेवर येते.

६ फेब्रुवारी
कौन्सिलला फोन. बाई सॉरी म्हणाली. बायको, वैभवी, म्हणाली, आत्ताच्या आत्ता जाऊन काकूंना सांग. पण टेबल आवर असा हट्ट तिचाच होता. म्हणजे दोष निम्मा-निम्मा.
शनिवारी सांगतो, शांतपणे.

८ फेब्रुवारी, शनिवार
गेलो. एकादशी, म्हणून काकूंनी साबुदाण्याची खिचडी पुढे केली. तोंडात घास असताना कबुली देणं बरं दिसत नाही. वर डबाही भरून दिला. तो गरम गरम हातात घेऊन घरी येताना फार लाज वाटली. खिचडी छान होती.

९ फेब्रुवारी
नाण्याचे त्रेचाळीस फोटो काढले होते. एकात पाकिटाचा कोपरा दिसतो, साडेचार शब्द. बाकीचा मजकूर पाठ आहे. वेम्बलीहून खाकी पाकीट आणलं, चहात बुडवलं, हेअर ड्रायरने वाळवलं, काकांच्या वळणात लिहून काढलं. ही बनवाबनवी नव्हे. ही दुसरी प्रत.
वैभवी बोलत नाहीये.

१५ फेब्रुवारी, शनिवार
सेंट्रल लंडनमधल्या तज्ज्ञांकडे. भिंग लावून म्हणाले, नाणं अस्सल आहे. माझी छाती फुगली. मग पाकीट भिंगाखाली गेलं. त्यांनी फार सभ्यपणे विचारलं, १९७१ साली जेल पेन मिळायचं का हो?
म्हणाले, हे पाकीट नाण्याबरोबर कुणाला दाखवू नका. एजवेअरला घरी पोहोचेपर्यंत कान तापलेले.
संकल्प: उद्या दहाला सगळं खरं सांगणार. अक्षरन् अक्षर.

१६ फेब्रुवारी, रविवार
दहाला गेलो. डबी आणि पाकीट टीपॉयवर ठेवलं. तोंड उघडलं.
काकूंनी डबी माझ्याकडेच सरकवली. म्हणाल्या, एवढी धावपळ केलीस, नाणं तुलाच राहू दे. मला पाकीट पुरे. आम्ही कायम बरोबर राहिलो, यांनी मला पत्र म्हणून कधी लिहिलंच नाही. यांच्या हातचं एवढंच उरलंय.
त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. नुसता अक्षरांवरून हात फिरवला, पाकीट कपाळाला लावलं आणि काकांच्या फोटोपुढे ठेवलं.
मी म्हटलं, काकू, नाणं अस्सल आहे हं. तेवढंच खरं बोलून आलो.