फोटोत चौघं

८ नोव्हेंबर
प्राचीचा फोन. कल्याणच्या नव्या घरात भिंत ओकीबोकी वाटते म्हणे. "आई, आपल्या सगळ्या सहलींतले तुझ्या आवडीचे पाच फोटो निवड. मोठे करून लावते." पाचच का, तर भिंत तेवढीच.
दुपारी कपाटावरून अल्बम खाली काढले. धूळ पुसता पुसता जी बसले ती दिवेलागणीपर्यंत. एकही निवडला नाही. हे गेल्यापासून अल्बमना हात लावला नव्हता.

९ नोव्हेंबर
आमच्या अल्बमात परक्या माणसांचा सुकाळ आहे. हे, मी, प्राची आणि शेजारी एक चौथा, ज्याचं नावगाव आम्हाला ठाऊक नाही. तिघांचा फोटो काढायचा नाही, मधला जातो, हा ह्यांचा नियम. त्यामुळे कुठंही गेलं की ह्यांना दोन माणसं गाठावी लागत, एक बटण दाबायला आणि एक उभं राहायला.
गणपतीपुळ्याला शहाळेवाला, कोयत्यासकट. वेरूळला कुठल्याशा एसटीचा कंडक्टर, चेहरा असा की जणू आम्ही तिकीट न काढता चढलोय. महाबळेश्वरला ताजा ताजा नवरदेव, कडेवर आमची प्राची. त्याची बायको बाजूला पोट धरून हसत होती, ती फोटोत नाही, पण मला तिचं हसूच आठवतं.
मी शाळेत विज्ञान शिकवायचे, मुलांकडून अंधश्रद्धेवर निबंध लिहून घ्यायचे. घरी तोंड उघडलं की हे म्हणायचे, "तुझं विज्ञान तासापुरतं. फोटोत चौघं."
नवरदेव पक्का. शहाळेवालाही. कंडक्टर बघू.

११ नोव्हेंबर
अल्बमच्या शेवटच्या पाकिटात सगळ्यात जुना सापडला. म्हशाच्या जत्रेतला. पुठ्ठ्याच्या विमानात तीन भाऊ. एका कडेला हे, दुसऱ्या कडेला धाकटे वसंतभाऊजी, मध्ये बाळू. ह्यांचा पहिला प्रवास तोच, टोकावड्याहून म्हसा, बैलगाडीनं. पुढच्या पावसाळ्यात बाळू तापानं गेला. सासूबाईंनी फोटो फाडला नाही आणि भिंतीवरही लावला नाही, भाताच्या कणगीमागं सारून ठेवला. नियम त्यांचा. ह्यांनी जन्मभर पाळला.
एकदाच मोडला. तो फोटो अल्बमात नाही, माझ्या मोबाइलमध्ये आहे.

१२ नोव्हेंबर
प्राची : "निवडलेस?"
"चार झाले."
"पाचवा?"
"बघते."
मग फोन ठेवता ठेवता, "माळशेजचा पण बघ ना." आवाज अगदी सहज ठेवला होता. मला फसवायला निघाली होती, तिच्या आईला!
टोकावड्याचा माणूस, माळशेज दारात, पण सहलीला म्हणून हे कधी गेले नाहीत. "परसात काय बघायचं?" गेल्या वर्षी भर पावसाळ्यात प्राचीनंच ओढून नेलं. एवढं धुकं की समोरचा कठडा दिसेना. चिटपाखरू नव्हतं. हे चौथा माणूस शोधत रस्त्यावर इकडून तिकडे. शेवटी प्राचीनं मोबाइल धरून हात लांब केला, "बाबा, पुरे झालं. आज फक्त आपण तिघं." हे हसले आणि आमच्या मध्ये येऊन उभे राहिले. एवढं मोकळं हसलेले ते दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाहीत.
श्रावण सरायच्या आत गेले. दाढी करता करता. एका गालाला साबण तसाच.
दहाव्याला ह्यांच्या आत्याबाई पोरीच्या देखत म्हणाल्या, "तिघांचा फोटू काढलाव ना? मंग?" प्राचीनं ऐकलं, मी ऐकलं. दोघींनी ऐकलंच नाही असं दाखवलं, ते आजतागायत. मग तिनं कल्याणला बदली मागून घेतली. रोज इथून शहापूरला जाण्यायेण्याचा कंटाळा येतो म्हणाली.
तेव्हा ही भिंतीची सजावट नव्हे. मी तो फोटो निवडते की नाही, हे तिला बघायचंय. नाही निवडला तर मीही आत्याबाईंच्या पंगतीला बसले.
आणि खरं सांगायचं तर निवडवत नाही. बघवतच नाही. बाकीच्यांची तोंडं धरावीत, स्वतःच्या मनाचं काय

१४ नोव्हेंबर
बाजारातल्या स्टुडिओत गेले. चार फोटो दिले. मग हिय्या करून मोबाइल पुढे केला, हाही मोठा होतो का बघा. स्टुडिओवाला शिकलासवरला, पण सवयीनं विचारलंच, "बाई, साहेबांना वेगळं कापून देऊ? मागे निळा पडदा टाकतो. हाराला बरा पडेल."
"नको. आहे तसाच."
त्यानं मोठ्या पडद्यावर घेतला, जरा उजेड वाढवला. "मागच्याला उडवू ना मग?"
"कुणाला?"
त्यानं बोट ठेवलं. ह्यांच्या खांद्यामागं, धुक्यात, कठड्याला टेकून कोणीतरी उभं आहे. डोक्यावर पोत्याची खोळ. तोंड दिसत नाही, पण आमच्याकडेच केलेलं.
मी म्हटलं, उडवू नका. एवढंच म्हटलं. घरी येताना भाजी घ्यायची विसरले.

१५ नोव्हेंबर
गुराखी असेल. पावसाळ्यात खोळ घेतलेला माणूस घाटात नवलाचा नाही. आम्हाला धुक्यानं दिसला नाही, कॅमेऱ्याला दिसला. सोपं आहे. चौथीतल्या पोराला समजावता येईल एवढं सोपं.
तरी सकाळपासून चारदा बघितला.

१६ नोव्हेंबर
टोकावड्याला. वसंतभाऊजी खळ्यावर भात झोडत होते. हात पुसून मोबाइल घेतला, लांब धरला, जवळ धरला.
"कोन गुराखी आसंल, वैनी."
"मलाही तेच वाटतं."
मोबाइल परत देईनात. "पन खोळ बघा. उलटी घेतलीय. शिवण म्होरं. पानी सगळं तोंडावर येतं अशानं. अशी कोन नाय घेत." अंगठ्यानं काच पुसली. "बाळू घ्यायचा. आई मारायची त्याला."
मी म्हटलं, "भाऊजी, काहीतरीच."
"मी कुठं काय म्हनतो? तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा काय ता." मोबाइल माझ्या हातात पालथा दिला आणि पुन्हा भात झोडायला लागले, मघापेक्षा जोरात.
परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा मुरबाडपर्यंत रिकामी. कोणी बसलं नाही. मीही पिशवी ठेवली नाही. का ते लिहीत नाही.

१७ नोव्हेंबर
प्राचीला फोन केला. पाचवा माळशेजचा, म्हटलं. आणि मागच्या माणसाचं सांगितलं. खोळ कशी घेतली होती, ते नाही सांगितलं.
तिकडून हुंदका. सव्वा वर्षात पहिल्यांदा माझ्यासमोर रडली, तेही फोनवर.
"म्हणजे आपण चौघं होतो?"
"हो गं बाळा. चौघं होतो."
"म्हणजे माझ्यामुळे नाही."
"कधीच नव्हतं."
वाटलं, सुटलो दोघी. तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "मग बाबा का गेले गं?"
डॉक्टर म्हणाले ते मला पाठ आहे, ते उत्तर नव्हे. नियम मोडला म्हणून गेले, हे खोटंच होतं, पण धरायला काही तरी होतं. आता तेही गेलं. मला ह्यांचा राग आला. असं कोणी जातं का

२३ नोव्हेंबर
कल्याण. पाचही फोटो लागलेत. माळशेजचा मधोमध. मोठा केल्यावर ह्यांचा दात दिसतो, पुढचा, किंचित तुटलेला. विसरलेच होते. मागचाही दिसतो. लोक बघतील तर त्यांना कठड्याचा खांब वाटेल.
जेवणं झाल्यावर प्राची म्हणाली, "आई, ये ना, बाबांबरोबर एक काढू." भिंतीशी उभ्या राहिलो, ती एका कडेला, मी एका कडेला, मध्ये ते. तिनं हात लांब केला आणि तसाच धरून ठेवला. मी मोजलं ते तिनंही मोजलं होतं.
"फोटोतला माणूस मोजायचा का गं?" ती.
"माहीत नाही."
"मग मागचापण धरू. चौघं."
बाळूचं नाव तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. दार उघडून समोरच्या दाराची बेल वाजवली. एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, बनियनवर. म्हटलं, जरा आमच्यात उभे राहता का? काय, कशाला, काही न विचारता सदरा घालून आले आणि ताठ उभे राहिले. त्यांचं नाव विचारायचं राहिलं. नेहमीसारखंच.
जाताना दारात थांबून म्हणाले, "घरी पाहुणे आहेत वाटतं." प्राची म्हणाली, "नाही, आम्ही दोघीच." ते बरं म्हणून गेले.
रात्री घरी परतले. फोटो प्राचीनं आत्ताच पाठवला. चांगला आलाय म्हणते. मीही चांगला आलाय असं कळवलं. मोठा करून अजून बघितलेला नाही.